प्रश्न उद्भवत नाही

आमच्या मतदारसंघात सध्या घरोघर एक चकचकीत पुस्तिका वाटली जाते आहे. आर्ट पेपर, बहुरंगी छपाई, मुखपृष्ठावर आमदारसाहेब हात जोडून उभे, मागे विधानभवन. विधानभवन थोडं लहान आलंय. आत भूमिपूजनाचे फोटो, कोनशिलांचे फोटो, नारळ फोडतानाचे फोटो, फोडलेल्या नारळाचाही एक. मधल्या पानावर ठळक मथळा : 'सभागृहात बुलंद आवाज'. त्याखाली अधिवेशनवार तक्ता. तारांकित प्रश्न इतके, लक्षवेधी इतक्या, औचित्याचे मुद्दे इतके, कपात सूचना इतक्या. आकडे असे भरघोस की वाचणाऱ्याला वाटावं, हा माणूस जेवतो कधी?

आमदारांचं नाव सांगत नाही. सांगितलं तर हक्कभंग यायचा, शिवाय गरजही नाही. तुमच्या तालुक्यातल्या कुठल्याही चौकात मान वर करून फ्लेक्सकडे बघा. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या वर जे हसताहेत, तेच आमचे भाऊ. पक्ष कुठला, ते मात्र विचारू नका. आत्ता विचारलंत तर सांगता येईल, पण हे सदर छापून येईपर्यंतची हमी कोण घेणार?

भाऊ मागच्या बाकावर बसतात. त्यात त्यांचा दोष नाही, हा सगळा अंकगणिताचा घोटाळा आहे. विधानसभेत आमदार २८८. २००३ सालच्या ९१व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येला सभागृहाच्या १५ टक्क्यांचं कुंपण घातलं, म्हणजे मुख्यमंत्री धरून ४३ खुर्च्या. २०२४च्या निवडणुकीत महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांचेच मिळून २३० जण निवडून आले. त्या ४३मधल्या काही खुर्च्या विधान परिषदवाल्यांना जाणार. उरलेली पावणेदोनशेहून अधिक मंडळी 'भावी मंत्री' या एकाच खात्यावर काम करतात, आणि त्या खात्याला ना बंगला ना लाल दिवा. भाऊंनी पहिल्या विजयानंतर शपथविधीसाठी जाकीट शिवून घेतलं होतं. ते अजून कपाटात आहे. दर विस्ताराची हवा सुटली की वहिनी ते शिंप्याकडे पाठवून थोडं सैल करून आणतात.

मागच्या बाकाचे फायदेही आहेत म्हणा. दरवाजा जवळ पडतो. मोबाईल बाकाखाली धरला की कॅमेऱ्यात येत नाही. पुढच्या रांगेतल्यांना ही सोय नसते. तोटा एकच. राजदंड पळवायचा झाला तर मागून निघून तिथवर पोचेपर्यंत मार्शल जागेवर हजर असतात. आणि आपल्याकडे राजदंडाला हात लागल्याशिवाय आमदाराचा आवाज राज्यभर पोचत नाही. ५ जुलै २०२१ रोजी १२ आमदारांचं वर्षभरासाठी निलंबन झालं, तेव्हा बाराच्या बारा नावं राज्याला पाठ झाली. पुढे जानेवारी २०२२मध्ये सुप्रीम कोर्टाने ते निलंबन रद्द केलं, पण तोवर प्रसिद्धी वसूल झाली होती. भाऊ त्या बारांत असते तर आज राज्यमंत्री तरी असते, असं त्यांच्या कार्यकर्त्यांचं प्रामाणिक मत आहे.

तर प्रश्न. तारांकित प्रश्नांची यादी कधी बघितली नसेल तर जरूर बघा. एकेका प्रश्नावर सदस्यांच्या नावांची रांग असते, प्रत्येकापुढे कंसात मतदारसंघ. एकाने प्रश्न लिहायचा, बाकीच्यांनी नावं लावायची. लग्नपत्रिकेत 'आमचे येथे श्रीकृपेकरून' झाल्यावर खाली चुलत-मावस मंडळी येतात, तसं. भाऊ बहुधा सतराव्या क्रमांकाच्या आसपास असतात. प्रश्नाचा मजकूर त्यांनी वाचलेला असेलच असं नाही. पूर्वी पीएकडे भाऊंच्या सह्या केलेल्या कोऱ्या नमुन्यांचा गठ्ठा असायचा. आता ऑनलाइन पद्धत आली, सहीच्या जागी पासवर्ड आला, आणि तो भाऊंना माहीत नाही.

प्रश्नाची भाषा ठरलेली आहे. सन्माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) अमुक तालुक्यातील तमुक रस्त्याचे काम निकृष्ट दर्जाचे झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? (२) असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले? (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि उत्तर : (१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न उद्भवत नाही! मराठी गद्यात इतकं निर्भय वाक्य दुसरं नसेल. रस्ता वाहून गेला, पूल वाकला, आश्रमशाळेचं छत खाली आलं, सगळं अंशतः खरं; पण प्रश्न मात्र उद्भवत नाही. हे ज्या कक्ष अधिकाऱ्याने पहिल्यांदा लिहिलं त्याचा पुतळा मंत्रालयासमोर उभारायला हवा. निविदा काढायला भाऊ मदत करतील.

मागच्या एका अधिवेशनात गंमत झाली. प्रश्न पुकारला गेला. पहिले सोळा सदस्य कुठे होते कोण जाणे. कुणी उपाहारगृहात, कुणी पायऱ्यांवर घोषणा देत, कुणी पायऱ्यांवरच्या घोषणांसमोर प्रतिघोषणा देत. अध्यक्षांनी नावं घेता घेता भाऊंचं नाव घेतलं. भाऊ दचकून उठले, पुढ्यातली यादी चाळली आणि पान सापडताच त्यांचा चेहरा पडला. रस्ता त्यांच्याच तालुक्यातला होता. केलेला होता त्यांच्या मेहुण्याने.

मंत्रिमहोदय नेमके त्या दिवशी उदार होते. "सन्माननीय सदस्यांच्या भावना तीव्र आहेत हे मी समजू शकतो. त्यांची मागणी असेल तर कंत्राटदाराला काळ्या यादीत टाकून तीन महिन्यांत चौकशी पूर्ण करू."

भाऊ म्हणाले, "अध्यक्ष महोदय, माझ्या भावना तेवढ्या तीव्र नाहीत."

सभागृहाला क्षणभर काही सुचेना. मंत्र्याच्या उत्तराने सदस्याचं समाधान होत नाही, हा तिथला धर्म. समाधान झालं असं उभं राहून सांगणारा सदस्य दिसला की विरोधकही गोंधळतात. एकाने सवयीने 'चौकशी झालीच पाहिजे' म्हटलं. भाऊंनी वळून त्याच्याकडे असं काही पाहिलं की तोही बसला.

प्रश्नांचा बाजार भरतो असा आरोप लोक करतात. २००५ साली प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात सापडलेल्या ११ खासदारांना संसदेने घरी पाठवलं. ही बातमी भाऊंना कुणीतरी सांगितली तेव्हा त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "विचारायला पैसे? मी तर ऐकलं होतं, न विचारायला देतात."

चर्चेचं तंत्र वेगळं. नियम २९३खालचा प्रस्ताव म्हणजे शेती, पाणी, कायदा-सुव्यवस्था, सगळं एका पोत्यात. पुढच्या बाकांवरचे नेते दुपारी तास तास बोलतात. मागच्यांची पाळी येते रात्री. दहा वाजलेले, समोर तालिका अध्यक्ष, संबंधित खात्याचे मंत्री नाहीत, त्यांच्या वतीने दुसऱ्याच खात्याचे राज्यमंत्री वही उघडून बसलेले. राज्यघटनेनुसार कामकाजाला एक दशांश सदस्य लागतात, म्हणजे इथे २९. पण मोजायला कुणीतरी उठावं लागतं, आणि जो उठेल त्याचंच भाषण बुडेल, हे सगळ्यांना कळतं. तेव्हा कुणी मोजत नाही. प्रत्येकाला तीन मिनिटं. दोन मिनिटं झाली की घंटी.

ही तीन मिनिटं भाऊ कशी वापरतात ते बघण्यासारखं असतं. पहिलं मिनिट मुख्यमंत्र्यांच्या आभाराचं, दोन्ही उपमुख्यमंत्र्यांना वीस वीस सेकंद. दुसऱ्या मिनिटात छत्रपती, फुले, शाहू, आंबेडकर. तिसऱ्यात घंटी वाजत असताना अकरा गावांची नावं, दोन साठवण तलाव, एक ग्रामीण रुग्णालय आणि बसस्थानक. "अध्यक्ष महोदय, फक्त एकच मुद्दा," असं चार वेळा. शेवटी राज्यमंत्री मान डोलावतात. त्यांचं खातं मत्स्यव्यवसाय असतं.

मला पूर्वी हे बघून चीड यायची. मग लक्षात आलं, भाऊ ज्यांच्याशी बोलत असतात ते सभागृहात नसतातच. ते अकरा गावांत असतात. भाषण संपायच्या आत पोराने त्याची क्लिप कापलेली असते, खाली ढोल-ताशाचं संगीत, वर 'वाघाची डरकाळी'. रिकामी बाकं फ्रेमबाहेर. सकाळी सातला ती अकरा गावांच्या अकरा ग्रुपांवर फिरते आणि लोक अंगठे देतात. त्यातल्या कुणीही भाऊंना कधी विचारलं नाही की भाऊ, त्या विधेयकावर तुम्ही मत काय दिलं? विचारतात ते, "परवा आमच्या पुतणीच्या लग्नाला का नाही आलात?" भाऊ एका मुहूर्तावर सात लग्नं करतात, अक्षता हातात घेऊन गाडीतून उतरतात, दहाव्याला कावळा शिवायच्या आत नदीवर हजर असतात. तिथे गणपूर्तीचा प्रश्न कधी येत नाही. विधेयकाचं म्हणाल तर पक्षाचा व्हिप आहे, १९८५ सालचा पक्षांतरबंदी कायदा आहे. व्हिपविरुद्ध बोट वर केलं तर आमदारकी जाते. एकट्याने गेलं तर, अर्थात. घाऊक जायचं असेल तर आपल्याकडे वेगळा नियम दिसतो.

याच देशात मागच्या बाकावर कधीकाळी दुसऱ्या जातीची माणसं बसत. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, बहुतेक काळ विरोधात बसले आणि एसटीने आले-गेले. पण ते शेकापचे. त्यांना विरोधात बसण्याचा सराव होता. त्याहून अडचणीचं उदाहरण फिरोज गांधींचं. काँग्रेसचे खासदार, सत्ताधारी बाक, वर पंतप्रधानांचे जावई. डिसेंबर १९५७मध्ये ते लोकसभेत उठले आणि एलआयसीने हरिदास मुंदडाच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या घरात पैसे का घातले, असं आपल्याच सरकारला विचारलं. कागद हातात घेऊन. चौकशीला नेमले गेले मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला. सुनावणी मुंबईत, उघड्या दारांनी, बघ्यांची ही गर्दी. २४ दिवसांत काम उरकलं, आणि फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना पायउतार व्हावं लागलं. चोवीस दिवस! आमच्याकडे तेवढ्यात चौकशी समितीच्या अध्यक्षांची गाडी मंजूर होत नाही.

याच माणसाने १९५६मध्ये एक अशासकीय विधेयक आणून कायदा करून घेतला : संसदेच्या कामकाजाचं खरंखुरं वृत्त छापलं म्हणून वर्तमानपत्रावर खटला भरता येऊ नये. स्वातंत्र्यानंतर संसदेत अशी साध्या सदस्यांची १४च विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७०मध्ये. फिरोज गांधींचा तो कायदा आणीबाणीत रद्द झाला. केला कुणी, ते सांगायला नको. गोष्ट घरातलीच होती. १९७७मध्ये तो परत आला.

ही सगळी हकिकत मी एकदा भाऊंना सांगितली. शांतपणे ऐकून घेतली त्यांनी.

"मग पुढे मंत्री झाले का ते?"

"नाही."

"सासरे पंतप्रधान असून?"

"हो."

"बघा," भाऊ म्हणाले.

आता समित्या. सभागृहात मागे-पुढे बाक असतात, समितीत टेबल गोल. लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम, आश्वासन, विनंती अर्ज, रोजगार हमी, पंचायती राज. सगळ्यांत दरारा शेवटच्या समितीचा, जिला जिल्हा परिषदेत नुसतं 'पीआरसी' म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली आणतात. पीआरसी येणार म्हटलं की शाळांच्या भिंतींना चुना लागतो, ग्रामसेवक रात्र जागून दफ्तर पुरं करतात, पोषण आहाराच्या खिचडीत त्या दिवशी वाटाणा सापडतो. विश्रामगृहाच्या सगळ्या सूटचे गिझर चालू होतात. कुठल्या सदस्याला काय चालतं, काय चालत नाही, बिनसाखरेचा चहा कुणाचा, गुरुवार कोण धरतो, याची एक यादी अधिकाऱ्यांकडे असते. अर्थसंकल्पाच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा ती बिनचूक असते. २०२५च्या मे महिन्यात अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर असताना तिथल्या शासकीय विश्रामगृहातल्या एका कुलूपबंद खोलीत एक कोटी चौऱ्याऐंशी लाखांची रोकड मिळाली. तिचीही चौकशी लागली. भाऊ त्या समितीत नव्हते. ही बातमी वाचून ते बराच वेळ गप्प होते, एवढंच मी सांगू शकतो.

भाऊ लोकलेखा समितीत गेले ते अपघाताने. ज्याला जायचं होतं त्याला महामंडळ मिळालं. ही समिती कॅगच्या अहवालातले परिच्छेद घेऊन सचिवांना साक्षीला बोलावते. अहवाल आपल्याकडे बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, म्हणजे चर्चेला वाव राहत नाही. समितीत त्याची पाळी येईपर्यंत काही वर्षं जातात. तोवर सचिव तिसरे आलेले असतात. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं : "सर, हे माझ्या कार्यकाळातलं नाही." दारं बंद, कॅमेरा नाही, पत्रकार नाहीत. त्यामुळे बहुतेक सदस्यांना तिथे बोलण्यात काही हशील वाटत नाही.

त्या दिवशी रस्त्याचा परिच्छेद होता. जिल्हा दुसरा, कंत्राटदार परका, मेहुण्याचा दुरूनही संबंध नाही. सचिवांनी वीस मिनिटं सादरीकरण केलं. पडद्यावर रंगीत आलेख, निविदा प्रक्रिया, सुधारित प्रशासकीय मान्यता, अतिवृष्टी. समितीने माना डोलावल्या. एकाने काजूची बशी पुढे सरकवली. भाऊंनी ती घेतली नाही. ते मागे जोडलेलं देयक बघत होते. आमदार होण्याआधी भाऊंनी अठरा वर्षं रस्ते केलेत, मजूर सोसायटीच्या पहिल्या मोरीपासून. इंग्रजी आलेख त्यांना कळत नाही, पण देयक ते दुसऱ्याच्या वहीतून उत्तर वाचावं इतक्या सहज वाचतात.

"साहेब, खडी कुठल्या खाणीची?"

सचिवांनी सहसचिवांकडे पाहिलं, सहसचिवांनी मुख्य अभियंत्यांकडे, त्यांनी मागे. मागून चिठ्ठी पुढे आली. सचिवांनी खाणीचं गाव वाचून दाखवलं.

"लीड किती लावलंय?"

"बासष्ट किलोमीटर, सर."

"त्या खाणीत पाणी भरून सात वर्षं झाली. तिथं आता मासेमारीचा ठेका आहे. कुणाकडे आहे तेही सांगतो, पण ते नंतर." भाऊंनी पान उलटलं. "हे डांबराचं चलन बघा. हाच नंबर शेजारच्या तालुक्याच्या कामाला लागलाय का, तेवढं तपासा. लागलेला असणार. आम्ही..." इथे भाऊ थांबले. "म्हणजे, लोक असं करतात."

सचिवांनी पाण्याचा ग्लास उचलला. कॅगची माणसं खुर्चीत सरळ झाली. त्यांना एवढ्या वर्षांत डांबराच्या चलनावर असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ज्यांना चलन कळतं ते विचारत नाहीत आणि जे विचारतील त्यांना कळत नाही. समितीप्रमुखांनी घड्याळ पाहून जेवणाची सुट्टी जाहीर केली. जेवणानंतर भाऊंना दोन फोन आले. पहिला पक्षातून, दुसराही पक्षातूनच, थोडा वरून. तो परिच्छेद 'अधिक माहिती मागवून' पुढच्या बैठकीवर गेला.

पुढच्या बैठकीआधी समित्यांची पुनर्रचना झाली. भाऊंचा अनुभव आणि व्यासंग लक्षात घेऊन त्यांना ग्रंथालय समितीवर घेण्यात आलं. तिथे कुणाला त्यांच्याकडून काही धोका वाटण्याचं कारण नव्हतं. चहा आला, बिस्किटं आली, दुर्मिळ ग्रंथांच्या जतनावर ग्रंथपालांनी सुरेख टिपण वाचलं. भाऊ खोलीभर नजर फिरवत होते. मग उठून एका नव्या कपाटाच्या फळीवर त्यांनी बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला, आणि वळून विचारलं :

"सागवान म्हणून बिल कुणी काढलं हो याचं?"